चायना ग्रासमधला खड्डा

मुलांनो, तुमच्या थोरल्या बहिणीचं, मोठीचं पत्र परवा आलं. समुद्रातल्या शेवाळात साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्या विकरं, म्हणजे एन्झाइम, कशी तोडतात, हे ती तिच्या प्रयोगशाळेत शोधते आहे. वाचता वाचता मी उठून उभीच राहिले. हे मी पाहिलं आहे, आणि तेही लोणारला, समुद्रापासून कितीतरी कोस दूर! आजवर सांगितलं नाही, कारण ऐकून समजेल असं घरात कोणी नव्हतं. आता आहे.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी मॅट्रिक झाले होते. नागपूरला विज्ञान शिकायला जायचं की लग्न करायचं, एवढाच प्रश्न होता. तिथल्या कॉलेजात शिकवणारे माझे काका सुट्टीत घरी आले. महिनाभर त्यांचं काम बिनचूक केलं, तर ते माझ्यासाठी आजोबांकडे शब्द टाकणार होते.

उपासाच्या खिरीत घालतात ते चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचाच अर्क. लोणारच्या तळ्यातला एखादा जंतू ते खातो का, हे काकांना पाहायचं होतं. ते तळ्याच्या खाऱ्या पाण्यात उकळून काचेच्या बशांत थिजवायचं, वर काठच्या चिखलाचा कण लावायचा, झाकायचं आणि रोज सकाळी पाहून वहीत लिहायचं. सहाव्या दिवशी एका बशीत खड्डा दिसला. कणकेत अंगठा दाबावा तसा, तळाशी पाण्याचा थेंब.

काकांनी वही मिटली. "बोट घातलं काय वं?"

मी नाही म्हटलं.

"मंग खड्डा काय आपोआप पडला?"

मी आणखी पाच दिवस मागून घेतले. सुई दिव्यावर लाल केली, निववली, खड्ड्यात बुडवून नव्या बशीला टेकवली. दुसऱ्या नव्या बशीला नुसतीच तापवून निववलेली सुई. पण बशांना कोणी शिवलं नाही, याला साक्ष कोण? घरात अशी एकच जागा होती: माझ्या विधवा आत्याचं सोवळ्याचं फडताळ. त्याला कुलूप असे, आणि तिथे आजोबांचाही हात जात नसे. जंतू म्हटल्यावर आत्याने कपाळाला हात लावला. मग विचारलं, ते खातात काय? फक्त चायना ग्रास, मी म्हटलं.

"म्हंजे उपासाचंच खातेत. ठेव मंग."

पाचव्या दिवशी तिने कुलूप काढलं. नुसत्या सुईची बशी आरशासारखी सपाट. दुसरीत खड्डा! काकांनी ती उजेडात तिरपी केली. थेंब हलला.

"माह्या फडताळात कोन बोट घालते?" आत्या म्हणाली.

जंतूला तोंड नसतं. तो विकर बाहेर सोडतो, एवढं काकांनी तेव्हा सांगितलं. बाकीचं मोठीच्या पत्रातून कळलं. दोन तऱ्हेच्या साखरा आळीपाळीने जोडून साखळी होते. दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात, पिळांचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं, म्हणून ते थिजतं. विकराला एक खाच असते. साखळी तिच्यात बसते आणि ठरावीक सांध्यावरच, पाण्याचा एक रेणू खर्चून, तुटते. जाळं विसकटलं की अडकलेलं पाणी सुटतं. तोच माझा थेंब! आणि साखळीचे लहान तुकडे जंतूचं जेवण होतात.

त्याच दिवशी काका आजोबांशी बोलले. आजोबांनी आत्याकडे पाहिलं.

"किल्ली माह्यापाशी होती, बाबा. पोरगी खरी हाय. जाऊ द्या तिले."

मी गेले. आता त्या कॉलेजच्या दिवसांतला आमच्या वर्गाचा एक फोटो उरला आहे: एकवीस मुलगे आणि कडेला मी.