सुनेची मशीन आणि माझं मर्तिक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे मला नीट सांगता येईल. म्हातारा माणूस पडला, विसरला, भलतंच बोलला, तर लोक सोडून देतात. पण मी जे करून बसलो त्याला कोण सोडणार? जिवंतपणी स्वतःचं मर्तिक लावून घेतलं मी. तेही सुनेच्या दुकानात, दिवसाढवळ्या.

टोकावड्याला रस्त्यावर आमचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. उभी हयात मी तराजू आणि सुतळीवर चालवलं. गुडघे गेले तेव्हा सुनेच्या हातात दिलं. सुनंदा हुशार आहे, पण हुशार माणसाला गप्प बसवत नाही. तिनं कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या शेजारी मालावरच्या काळ्या रेघा वाचून बिल करणारी ती मशीन बसवली.

कशी दिसते सांगू? काळा ठोकळा, तोंडाला काच. गल्ल्यावर घुबड बसल्यासारखी बसते. समोर कोणी नसलं की झोपते, जरा काही हललं की लाल डोळा उघडते. बसवायला कल्याणहून माणूस आला होता. तो सांगत होता, जुन्या मशिनी उजेडाची एकच रेघ मारायच्या, माल सरळ धरावा लागायचा. ही चहूबाजूंनी रेघा टाकते, जाळ्यासारख्या. उलटं धरा, तिरकं धरा, वाचणारच. बटण दाबायला नको, काही विचारायला नको.

मी म्हटलं, न विचारता बोलणारी घरात एक आहे, ही दुसरी कशाला? कोणी हसलं नाही.

आता आमच्याकडे मर्तिकाचं सामानही मिळतं. मडकं, पांढरं कापड, सुतळी, गुलाल, कापूर. घरात माणूस गेल्यावर कोणाला काही सुचत नाही, म्हणून सुनंदानं सगळं एकेका पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवलं. इथवर ठीक. पण ज्या मालाला कंपनीच्या काळ्या रेघा नसतात, त्याला ती स्वतः रेघांचे चिकट कागद छापून लावते. तसे तिनं या पिशव्यांनाही लावले. माझं डोकंच फिरलं. बिस्किटाला लावायचं तेच मयताच्या सामानाला? ती आत गेली तसा मी स्टुलावर चढलो आणि हाताला आली त्या पिशवीचा कागद ओरबाडून काढला. भलता चिवट. बोटाला बसला तो सुटेना. तेवढ्यात तिची पावलं वाजली, मी खाली.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

पुढे श्रावण लागला. आमच्याकडे घाटातलं धुकं उतरतं ते गिऱ्हाइकासारखं दुकानात येऊन बसतं. त्या सकाळी समोरचा रस्ता दिसत नव्हता. एसटी गेली तर नुसता आवाज गेला, गाडी दिसलीच नाही. लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर तेवढी ती मशीन आणि स्क्रीन. सुनंदा मागे गोठ्यात.

मी गल्ल्यापाशी आलो आणि मशीननं डोळा उघडला.

काचेच्या आत लाल रेघा थरथरत होत्या. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर जाळं पडलं, बरोबर छातीवर. मी डावीकडे सरकलो, जाळं छातीवरच. मला ते काही बरं वाटलं नाही. अशा वेळी मी काय करतो? तंबाखू काढतो. डबी काढली, छातीशी धरून झाकण उचकायला लागलो.

टीं.

स्क्रीनवर काहीतरी उमटलं. मी तिसरीतून शाळा सोडलेली, अक्षराला अक्षर लावून वाचावं लागतं. म. मग र्ति. मग क. त्याच्यापुढे एक.

मर्तिक, एक. आणि दुकानात माणूस किती? एक.

तंबाखू खाली सांडली. झाकण लावलं. पण तंबाखूशिवाय धीर कुठला? पुन्हा उघडायला गेलो.

टीं. मर्तिक, दोन.

सांगा आता. एक मी. मग दुसरा कोण?

सुनंदा आली तर मी घामानं भिजून स्टुलावर बसलेलो. तिनं स्क्रीन पुसली, पिशव्या बघितल्या. सगळ्या वरच्या फळीवर, जागच्या जागी. ती मशीनसमोर उभी राहिली. डोळा उघडला, आवाज नाही. साबण घ्यायला शेजारची गंगूमावशी आली, तिला उभी केली. आवाज नाही. कुत्रं आडवं गेलं, त्याच्यावरही जाळं पडलं, आवाज नाही. मग मला म्हणाली, बाबा, तुमी या.

मी गेलो. हात आपोआप खिशात गेला, डबी बाहेर आली, आणि टीं.

गंगूमावशी साबण तिथेच टाकून गेली.

सुनंदानं कल्याणच्या माणसाला फोन लावला. तो मोठ्यानं बोलत होता, मला सगळं ऐकू आलं. "ताई, समोर असल्याशिवाय ती वाचत नाय. हवेतलं वाचायला ती भूत उतरवणारा भगत हाय का?"

समोर असल्याशिवाय वाचत नाही! आणि समोर तर मीच होतो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसरा कोण, हेच डोक्यात. आमच्या पिढीचा माझ्याशिवाय एकच उरलाय, धाकटा भाऊ काशा. तो सासुरवाडीला, तानशाकडे राहतो. बांधावरच्या फणसावरून आमचं बोलणं तुटलेलं. आईनं लावलेलं झाड. तो म्हणायचा माझं, मी म्हणायचो माझं. मी त्याला एकदा बांधावरून हाकलून दिला होता. ते भांडण तसंच टाकून जायचं? सुनंदाला म्हटलं, काशाला बोलाव.

दुसऱ्या दिवशी आला. धुकं तसंच. धुक्यातनं पायऱ्या चढून वर आला तेव्हा मला आधी आमचा मेलेला बापच वाटला, तीच मान, तीच चाल. मी म्हटलं, न्यायलाच आले.

गल्ल्यापाशी बसला. मी सांगितलं, माझं आता काही खरं नाही, फणस तुझा. तो रडला. मीही रडलो. मशीन डोळा उघडून दोघांकडे बघत होती. त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "दादा, तंबाखू दे."

मी डबी दिली. त्यानं छातीशी धरून झाकण उचकलं.

टीं.

काशा माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त शिकलाय, त्यामुळे त्यानं जरा लवकर वाचलं. तोंड पिठासारखं पडलं.

"दादा, यो कोण रे?"

"तू," मी म्हटलं. "दुसरा तूच."

त्यानं फणस तिथल्या तिथे परत केला. "मला नको रे तुझा फणस. मीच चाललो, मी काय करू त्याला? ठेव तुझा तुला."

सुनंदा मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आली, काशाच्या हातातली डबी घेतली आणि झाकणाची बाजू मशीनला दाखवली. काही नाही. डबी फिरवली, बूड दाखवलं.

टीं.

बुडाला तो चिकट कागद. तिनं कागद बघितला, मग मला बघितलं.

मग मला सगळं आठवलं. कागद बोटाचा सुटत नव्हता, आणि डबीच्या बुडाला भोक होतं, खिशात तंबाखू गळायची. म्हटलं वाया कशाला घालवा, दिला भोकावर चिकटवून आणि विसरलो. घाबरलो की मी डबी काढायचो, डबी काढली की मशीन बोलायची, ती बोलली की मी आणखी घाबरायचो. असा मी मरत होतो.

काशा खदखदून हसला आणि लगेच थांबला. मीही थांबलो. दोघांनाही फणस आठवला.

मी म्हटलं, तू परत दिलास. तो म्हणाला, ते मी मरताना बोललो, धरायचं नाय. मी म्हटलं, मग मीही मरतानाच दिला होता. तो म्हणाला, तुझा शब्द आधीचा. आमचे आवाज चढायला लागले तशी सुनंदा मध्ये आली.

"तुमी दोघंही मेलाय," ती म्हणाली. "फणस माझा."



या उन्हाळ्यात पहिला फणस पिकला. सुनंदानं गरे डब्यांत भरले, त्यांना रेघांचे कागद लावले आणि गल्ल्यावर मांडले. काशा तानशाहून गरे खायलाच आला होता. मी एक डबा उचलला. झाड बांधावरचं, बांध माझा, आई माझी.

"बाबा," सुनंदा म्हणाली, "आधी तिला दाखवा."

भावासमोर मान खाली घालून मी डबा मशीनसमोर धरला. मुद्दाम उलटा धरला. तरी वाचला मेलीनं.