दोन्ही हातांनी भाकरी

गुंजाळ साहेबांना खुर्चीत बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, नगररचनेची पदवी फोल्डरमध्ये सांभाळत मी बाजारतळ पुनर्विकास मंडळाच्या कचेरीत पोचले, तर साहेबांची खुर्ची रिकामी. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, "साहेब उभे हायेत." मला वाटलं, निवडणुकीला की काय! "कुठं?" म्हटलं, तर त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "थितं. तळावर."

पारनेर तालुक्यातलं हे बाजारगाव. नाव सांगत नाही, तिकडचे वाचक ओळखतीलच. तळाच्या मधोमध, टळटळीत उन्हात, टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर एक ठेंगणे, मिशाळ गृहस्थ डोक्यावर रुमाल टाकून उभे होते. मला बघताच त्यांनी दोन्ही हात हलवले.

"तुमी नव्या प्लॅनरबाई ना? या, या! हिथं चढा. काय दिसतंय सांगा."

मी क्रेटवर चढले. समोर धूळ, दोन कुत्री आणि वाऱ्यानं फिरणारी एक पिशवी. "मोकळं मैदान दिसतंय सर."

"आज मंगळवार हाय म्हनून! रविवारी चढा, मंग बगा." ते असे खुशीत हसले, की जणू त्या मैदानाखाली खजिना आहे आणि तो फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

त्या तळावरच्या उघड्या बाजाराच्या जागी पक्का बाजार बांधायचा, यासाठी मंडळ नेमलेलं होतं. अध्यक्ष गावातले अण्णा, अधिकारी गुंजाळ साहेब आणि आराखड्याला मी. बांधकामाआधी मंडळाची उद्दिष्टं ठरवून जिल्ह्याला कळवायची होती, आणि ती साधली की नाही हे कशावरून ओळखायचं, तेही. ते काम माझ्याकडे आलं. मी आठवडाभर खपले आणि पहिलं उद्दिष्ट लिहिलं, "सर्वसमावेशक, शाश्वत व सक्षम बाजारव्यवस्थेची निर्मिती."

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, आरती म्हणावी तसं ताल धरून. "लई भारी लिवलंय," म्हणाले. "आता सांगा, हे बगायला उभं कुठं राहायचं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आवो, झालं का न्हाई झालं हे कुनीतरी बगायला जाईल ना? त्यानं उभं कुठं राहायचं, कवा राहायचं, अन् काय बगायचं? उद्दिष्ट म्हंजे देव न्हाई, डोळं मिटून दिसायला. डोळं उघडून दिसलं पायजे."

हा त्यांचा मंत्र होता. कुणीही काही मोठं बोललं, की साहेब मान तिरकी करून विचारायचे, "उभं कुठं राहायचं?" ठेकेदार म्हणाला, काम उत्तम दर्जाचं होईल. "उभं कुठं राहायचं?" शिपाई म्हणाला, सकाळी लवकर येत जाईन. "आमी उभं कुठं राहायचं?" पहिल्या महिन्यात मला या माणसाचा वीट आला होता. दुसऱ्या महिन्यात मी आईला फोनवर तोच प्रश्न विचारला आणि बोलणी खाल्ली.

रविवारी ते मला बाजारात घेऊन गेले. साहेब अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. "आमच्याकडं पाऊस एवढा, का सावलीला कुनी इचारीत न्हाई," ते चालता चालता सांगत होते. "हितं मातूर सावली वाटून खावी लागती." आणि खरंच, त्या अफाट तळावर सावली म्हणून नव्हतीच. बाया मेथी-शेपू-वांगी मांडून उन्हात बसलेल्या. त्यातल्या हौसाबाई साहेबांच्या जुन्या ओळखीच्या. त्यांचं जेवण चाललं होतं. एका हातात छत्रीचा दांडा, मांडीवर फडकं, फडक्यावर भाकरी आणि दुसऱ्या हाताची पाची बोटं त्या भाकरीशी झटापट करतायत.

"हौसाबाई, जेवताय का भांडताय?" साहेब म्हणाले.

"भांडतीयाच साहेब! येका हातानं कुटं भाकरी मोडती व्हय? छत्री सोडावी तर मेथी माझ्याआदी वाळती. घरी कशी, दोनी हातानं खाती मी."

साहेब जागच्या जागी उडालेच. "सापडलं! प्लॅनरबाई, सापडलं!" भर बाजारात एवढा मोठा सरकारी माणूस उड्या मारतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी लाजेनं अर्धी झाले. पण सोमवारी कचेरीतल्या फळ्यावर माझं सर्वसमावेशक वाक्य पुसलं गेलं आणि तिथं साहेबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं गेलं, "उद्दिष्ट पहिलं: बाजारात विकणारी बाई दुपारी दोन्ही हातांनी भाकरी खाईल."

मंडळाच्या सभेत सगळे पोट धरधरून हसले. अण्णा तसे मनानं वाईट नव्हते, पण त्यांना भारी घाई. त्यांना तळभर गाळे हवे होते. "गुंजाळसाहेब, जिल्ह्याला काय कळवू? बाया जेवत्यात? गाळे कसे, रस्त्यावरनं दिसत्यात!"

"बराबर बोललात अण्णा," साहेब म्हणाले. "गाळे दिसतील. बाया कुठं दिसतील?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. हायवेच्या कडेला, टेम्पो-ट्रकांच्या धुरात. बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी अण्णांनी एक अट घातली. पूर्वेच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून ओटे बांधायचे. बाजाराच्या दिवशी ते ओटे भरले, तर बाया तिथंच राहतील. नाही भरले, तर तिथंही गाळे आणि बाया हायवेला. साहेब म्हणाले, "मंजूर. पन माझं फळ्यावरचं मापबी चालू राहील." अण्णांनी हात झटकून होकार दिला. भाकरीला कोण घाबरतो!

मग शेड उभी राहिली. काय सुंदर काम झालं म्हणून सांगू! वारा खेळेल असा उंच पत्रा, गुडघ्याएवढे ओटे. कोणाला कुठला ओटा यावर भांडणं नकोत म्हणून मी सोडत काढायचं सुचवलं. मंदिराच्या गुरवांनी डोळे मिटून कळशीतून चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येक चिठ्ठीला टाळ्या पडल्या, एकाही बाईनं तक्रार केली नाही. मला तर स्वतःचाच अभिमान वाटला.

रविवार उजाडला. ओटे गच्च भरले. सगळ्यांवर सावली. मी आनंदानं नुसती वेडी झाले, फोटो काढत सुटले. अण्णांनीसुद्धा लांबून मान डोलावली. साहेब मात्र क्रेटवर उभे, नजर हौसाबाईंवर. दुपार झाली. हौसाबाईंनी फडकं सोडलं, भाकरी मांडीवर ठेवली, आणि एका हातानं तिच्याशी झटापट सुरू केली. छत्री नव्हती, ऊन नव्हतं. दुसरा हात वांग्यांच्या पाटीवर घट्ट दाबून ठेवलेला.

साहेब टुणकन उतरून तिकडे. "आवो, आता काय झालं?"

"मथा पार त्या टोकाला पडली न्हवं का," हौसाबाई म्हणाल्या. मथाबाई त्यांच्याच वाडीच्या, जन्माच्या शेजारीण. "ती जेवती तवा मी तिच्या मालाकडं बगती, मी जेवती तवा ती माझ्या. हितं शेजारी कोन, वळख ना पाळख. हात ठिवावा लागतो."

"मंग आदी बोलला का न्हाईत?"

"गुरवानं डोळं मिटून काडलेली चिठ्ठी! देवानं दिलेल्या जागंला नावं ठिवायची व्हय?"

बाजार वाड्यावाड्यांनी बसायचा, हे वर्षानुवर्षांचं. माझ्या चोख न्यायाच्या सोडतीनं सगळ्या वाड्या शेंगदाण्यासारख्या उधळून टाकल्या होत्या. मी मटकन ओट्यावर बसले. साहेबांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "नापास! प्लॅनरबाई, आपन झकास नापास झालो! बगा, सावली दिली तरी हात मोकळा न्हाई. ह्ये आकड्यात कधी घावलं असतं का?"

मी हात जोडले. म्हटलं, साहेब, गप्प राहा. अण्णांची अट ओटे भरण्याची होती आणि ओटे भरलेत. आपण जिंकलोय. महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय, हार घालून घ्या आणि घरी जा. नापास म्हणालात, तर अण्णांना आयते गाळे मिळतील आणि हौसाबाई हायवेला जातील. बसायच्या जागा मागाहून गुपचूप बदलता येतील.

"परीक्षा आपली, पेपर आपला, आता मार्कबी आपनच वाढवायचं?" साहेब म्हणाले. "मंग उद्या तुमच्या मार्कावर कोन इस्वास ठिवील? आज लपवलं, तर कागदावर ती दोनी हातानं जेवंल अन् हितं येकाच."

मला त्यांचा इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांच्याबरोबरचा चहासुद्धा घेतला नाही. एका बाईचा संसार पणाला लावून हा माणूस आपला खरेपणा मिरवतोय, असंच मला वाटलं.

सभेत ते उभे राहिले आणि भर मंडळापुढे म्हणाले, "अण्णा, ओटे भरले, पन आमी नापास." अण्णा हसले. "म्हंजे गाळे ना?"

"म्हंजे अजून येक बाजार. बाया आपल्या आपल्या वाडीसंगं बसतील. अन् त्या दिवशी माझ्या क्रेटवर तुमी उभं राहायचं. हौसाबाईचे दोनी हात भाकरीला दिसले न्हाईत, तर खुशाल गाळे बांधा. मी चकार शबूद काडनार न्हाई."

  अण्णा म्हणाले, "सोताला नापास करनारा अधिकारी मी पैल्यांदाच बगतोय. दिला बाजार. पन येकच."

तो बाजार नेमका साहेबांच्या निवृत्तीनंतरच्या रविवारी आला. निरोपाला शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. एक वक्ते म्हणाले, साहेबांचं योगदान चिरकाल स्मरणात राहील. साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "उभं कुठं राहायचं?" मला हसू फुटलं आणि रडूही. जाताना त्यांनी ते क्रेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "खुर्ची सरकार कुनालाबी देतंय. ह्ये मातूर तुमचं." आणि अकोल्याच्या एसटीत बसून गेले.

शनिवारी मी सगळ्या बायांना शेडमध्ये बोलावलं आणि म्हटलं, कोणी कोणाजवळ बसायचं ते तुम्हीच ठरवा. पण देवाच्या चिठ्ठीला हात लावायला एकही तयार होईना. शेवटी गुरवांनाच बोलावलं. त्यांनी क्षणभर विचार करून नारळ फोडला आणि म्हणाले, "चिठ्ठी देवानं काडली, पन शेजार मानसानंच बगायचा आसतो." मग जो कल्ला उसळला! ओढाओढी, रुसवे, हसणं, पाट्या इकडून तिकडे. दिवस मावळायच्या आत वाड्या आपापल्या जागी बसल्या होत्या.

रविवारी अण्णा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत त्या क्रेटवर चढले. मी खाली उभी.  हौसाबाई आणि मथाबाई लगोलग बसलेल्या, सकाळपासून दोघींच्या जिभांना उसंत नाही. दुपारी हौसाबाईंनी फडकं सोडलं. न राहवून मी साहेबांना फोन लावला. अर्ध्या रिंगमध्येच उचलला. दिवसभर हातात धरूनच बसले असणार.

"तुमी कुठं उभ्या?"

"हौसाबाईंच्या समोर. अण्णा क्रेटवर आहेत."

"मंग माझ्याशी काय बोलताय? हौसाबाईला द्या फोन!"

मी पुढे झाले आणि फोन हौसाबाईंपुढे धरला. "घ्या, साहेब आहेत."

त्यांनी वर बघितलं. तोंडात घास होता. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, उजव्या हातात मोडलेला तुकडा. पाटीकडे मथाबाई बघत होत्या.

"आगं बाई, आता कसा धरू फोन?" त्या वैतागून म्हणाल्या. "दोनी हात भाकरीत हायेत न्हवं का माझे!"

फोनमधून एवढी मोठी आरोळी आली, की मथाबाई दचकल्या. "पास!" साहेब ओरडत होते. "पास झालो, पास!"

अण्णा क्रेटवरून उतरले, हौसाबाईंच्या ओट्याला टेकून बसले आणि म्हणाले, "मावशे, मलाबी दे की अर्दी."