फिल्टरवरचे नाना

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर साक्रीला. तिचे सासरे, म्हणजे नाना, यांचं तिथे गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नानांच्या फोटोचा गोल स्टिकर लागतो. डोक्याला फेटा, भरघोस मिशा, आणि खाली लाल अक्षरांत 'विश्वास'. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर नाना, वायपरच्या पाकिटावर नाना, पंक्चरच्या डबीवरही नाना. गिऱ्हाईक घरी जाऊन कुठलाही खोका उघडो, आधी नानांची नजर चुकवावी लागते.

आमच्याकडे खान्देशात सासुरवाशीण माहेरी येते ती आखाजीला. अक्षय्य तृतीया बाकीच्यांनी सोनं घेऊन साजरी करावी. आमच्या पोरी त्या दिवशी झोक्यावर बसतात आणि सासरच्या माणसांची गाण्यातून यथेच्छ हजेरी घेतात. मुलीला आणायला मुऱ्हाळी जातो. तो मान भावाचा. आम्हाला भाऊ नाही आणि मी लग्न केलं नाही, त्यामुळे वडील म्हणजे आबा, जळगावचं घर, गाडी आणि हा मान हे सगळं माझ्याच गळ्यात आहे. तक्रार नाही. गाडी मी छान चालवते.

गेल्या वर्षी मात्र मी साक्रीहून एकटी परत आले. नानांची एक रीत आहे. दारात गाडी लागली की पाहुण्याला पाणी नंतर, आधी बॉनेट उघडायचं. त्यांनी ते उघडलं आणि आत नवीकोरी बॅटरी दिसली, जळगावात घेतलेली, नानांच्या फोटोविना. ते भांडले असते तर मीही भांडले असते, मला आवडतंच. पण ते हसले, चहा पाजला आणि म्हणाले, "घरमा बठ्ठं काम पडेल शे. यंदा ऱ्हाऊ द्या." झालं. बहीण दारात उभी राहिली आणि मी गाडी वळवली. आई गेल्यापासून अंगणातल्या निंबाला झोका आबाच बांधतात. त्या संध्याकाळी तो त्यांनी स्वतःच सोडला आणि दोराची नीट गुंडाळी केली. मला त्या माणसाचा फोटो जिथे दिसेल तिथे फाडावासा वाटत होता.

यंदा आखाजी जवळ आली तशी साक्रीहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती एक पुडकं आलं. आत गाडीचा ऑइल फिल्टर आणि त्यावर नाना. सोबत फोनवर निरोप, की येण्याआधी गाडीचं ऑइल बदला आणि हाच बसवा. आबांनी तो फिल्टर देव्हाऱ्यात ठेवला. हळदीकुंकू वाहिलं. मुलीच्या सासरहून आलेली वस्तू, तिची पूजा नको का?

आबा आंघोळीला गेले तेव्हा मी तो देवांमधून उचलला आणि तपासला. ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाची गाळणी. तो निवडायला मेकॅनिक असावं लागत नाही. भाजी निवडता आली तरी पुरे. हातात वजन लागलं पाहिजे, कारण आत कागदाच्या दाट घड्या असतात आणि वजन त्यांचं असतं. तोंडावरची रबरी रिंग नखानं दाबली की दबून परत वर आली पाहिजे. काठाच्या भोकांतून आत डोकावलं की रबराचा पडदा दिसला पाहिजे. गाडी बंद असताना तो ऑइल धरून ठेवतो, म्हणजे सकाळी इंजिन कोरडं फिरत नाही. नानांचा फिल्टर रिकाम्या डब्यासारखा हलका होता. रिंग शिळ्या भाकरीच्या काठासारखी. पडदा कुठे दिसेना. हलवून पाहिला तर आत काहीतरी खुळखुळलं. पाळण्यावर टांगला असता तर पोर रडायचं थांबलं असतं.

"आबा, हा मी बसवणार नाही," मी सांगितलं. "या उन्हात साक्रीपर्यंत जायचं आणि तिला घेऊन यायचं. ऑइल गळलं तर इंजिन जाम होईल, आम्ही दोघी भर हायवेवर ट्रकांच्या मध्ये उभ्या राहू."

"मले काही सांगू नको," आबा म्हणाले. "तो फिल्टर बसला नाही तर पोर येत नाही. इंजिन गेलं तर दुसरं येईल."

आबांचं बरोबर होतं आणि माझंही. मग मी दोन्ही करायचं ठरवलं.

जळगावात बाजारपेठेतल्या एका मारवाडी शेटजींच्या दुकानात गेले. गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं. त्यांनी फिल्टर काढून दिले आणि मी एकेक हातात घेऊन तोलू लागले, दाबू लागले, उजेडात धरून आत बघू लागले. शेटजी बराच वेळ पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, सोन्याची पेढी पलीकडच्या गल्लीत आहे." मी म्हटलं, सोनं खोटं निघालं तर रस्त्यात बंद पडत नाही. त्यांनी मुकाट्यानं आतून एक जड, चांगला, मऊ रिंगेचा फिल्टर काढला. रंग सुदैवानं काळाच, नानांच्या फिल्टरसारखा. तो मी घेतला.

घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि वाफेवर नानांना धरलं. मिशांपासून सुटायला लागले. फेट्यापाशी जरा अडले, पण सुटले अखंड. त्यांना मी नव्या फिल्टरवर, त्याच्या कंपनीचं नाव झाकलं जाईल असं, भरपूर गोंद लावून चिकटवलं. गॅरेजमध्ये आबा सोबत आलेच, खात्री करायला. मेकॅनिकनं रिंगेला ऑइलचं बोट फिरवलं, हातानंच फिल्टर घट्ट बसवला. आबांनी वाकून नानांचं दर्शन घेतलं आणि समाधानानं म्हणाले, "बस, आता काळजी नाही." मला इतकं हसू येत होतं की मी रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिले.

हसू धुळ्यापर्यंत टिकलं. तिथे उसाचा रस प्यायला थांबले आणि सहज बॉनेट उघडलं. ऑइलचा थेंब नव्हता कुठे. पण इंजिनाच्या उष्णतेनं गोंद पाघळला होता आणि नानांचा एक कान सुटला होता. कानामागून दुसऱ्याच कंपनीचं नाव डोकावत होतं. बोट लावायची सोय नव्हती, फिल्टर तव्यासारखा तापलेला. रुमालानं कान दाबून पाहिला, तर रुमालालाच चिकटून आणखी सुटला. गाडी निवेपर्यंत थांबले असते तर जेवणाची वेळ टळली असती आणि नानांना रुसायला नवं कारण मिळालं असतं. तशीच निघाले. पुढच्या सगळ्या रस्त्यात माझ्या डोळ्यांपुढे आबा होते, हातात दोराची गुंडाळी घेतलेले. तेव्हा मात्र मला माझ्या हुशारीचा संताप आला.

साक्रीला गाडी दारात लावली. बहिणीची पिशवी ओट्यावर भरून ठेवलेली होती. नाना चष्मा पुसत आले. मागे जावई, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. त्याच्याविषयी माझं मत असं होतं की बापापुढे मान हलवायला ठेवलेला माणूस. दुकानात तोच बसतो, त्यामुळे माल त्याला डोळे मिटून कळतो.

"पानी मंग," नाना म्हणाले. "पहिले गाडी दखाडा."

बॉनेट मीच उघडलं. नाना वाकायच्या आत जावई वाकला. त्यानं आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. स्टिकरचा अर्धा फेटा लोंबत होता आणि खालचं नाव वाचता येईल इतकं उघडं होतं.

"काय शे रे?" नानांनी विचारलं. "हाऊ आपलाच शे ना?"

"आपलाच शे, नाना," तो म्हणाला, आणि त्यानं हात आत घालून आपल्या वडिलांचा फेटा अंगठ्यानं दाबून धरला.

नाना वाकले. चष्मा वर केला, खाली केला. स्वतःच्या चेहऱ्याकडे माणूस जितका वेळ बघू शकतो तितका वेळ त्यांनी बघितलं. जावयाचा अंगठा तसाच. मी नुसतं पाहूनच हात पाठीमागे घेतला. त्यानं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

"जयगावथीन उनी गाडी," नाना ओट्यावरच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक थेंब बी नही! चला, जेवाले."

जेवण झालं, ओटी भरली, बहीण गाडीत बसली. जावई पिशवी ठेवायला माझ्या बाजूला आला. अंगठ्यावर टपोरा फोड होता. मी काही बोलणार, तर तोच हळूच म्हणाला, "ताई, हाच बसवत जा. आमचा नको." आणि मग मान खाली घालून, "तुमच्या गाडीमा मनी बायको बसस."

गाव मागे पडल्यावर बहिणीनं विचारलं, यांच्या अंगठ्याला काय झालं? मी सगळं सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम म्हणाली, "ताई, गाडी वळव. मलम लावून येते."

"वेडी आहेस का?" मी ओरडले. वळवली नाही. मग तिनं फोन लावला, आणि थंड पाणी घातलंत का, फोड फोडू नका, उजव्या हातानं पाना धरू नका, असं धुळं येईपर्यंत चाललं. माझ्या वाट्याला एक शब्द नाही.

धुळ्याला थांबलो तेव्हा आबांचा फोन आला. इतके दिवस फिल्टर, फिल्टर म्हणून त्यांनी माझा जीव खाल्ला होता. नानांनी बघितला का, काय म्हणाले, हे विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवूनच फोन घेतला.

"ती गाडीत आहे ना?" आबांनी विचारलं.

"आहे, आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.