तीन दिवसांची पाटी

"आडनाव मोठ्या अक्षरात टाका. समितीला लांबून दिसलं पाहिजे," प्राचार्य शिपायाला म्हणाले. मी शेजारीच उभी होते. माझंच आडनाव. जिन्याखाली झाडू-बादल्या ठेवायची खोली होती, ती रिकामी करून, चुना मारून तिचा 'समान संधी कक्ष' केला होता. दारावर माझ्या नावाची पाटी, खाली 'प्रमुख'. पाटी टेपनं चिकटवली. खिळा ठोकू नका, दार खराब होतं, असं त्यांनी बजावलं होतं.

लातूरच्या त्या कॉलेजात मी चार वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. आम्ही बौद्ध. घर निलंग्याजवळच्या खेड्यात, आई अजून रोजानं कामाला जाते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा कपबशीत यायचा, मला कागदी कपात. कुणी त्यावर बोलायचं नाही. मीही बोलले नाही, आणि त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कॉलेजची तपासणी करून दर्जा ठरवणारी समिती यायची होती त्या आठवड्यात पहिल्यांदा मला कपबशी मिळाली. शिपायानं ती हातात दिली नाही. टेबलावर ठेवून सरकवली.

समिती नीट जाऊ द्या, मग तुम्हाला कायम करायचं बघतो, असं संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. आईला फोन केला.

"खुर्ची देऊ लागलेत तर बस की गप," ती म्हणाली. "लई उकरू नको."

बसले. समितीपुढं नमुना तासही माझाच ठरला. भारी वाटेल असा एखादा इंग्रजी शब्द घ्या, त्याचा उगमबिगम सांगा, असा प्राचार्यांचा आग्रह. मी 'टॉड्री' हा शब्द घेतला. कुणी कोणता प्रश्न विचारायचा त्याच्या चिठ्ठ्या मुलांना आदल्या दिवशी वाटल्या. उत्तरं मी पाठ केली. पाहणीचा तास असाच बसवतात. बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं.

समितीचे तिघं मागच्या बाकावर बसले. मी सांगत गेले. इंग्लंडात ऑड्री नावाची एक संत होऊन गेली. तिच्या नावानं जत्रा भरायची. त्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती मिळायच्या, सेंट ऑड्रीच्या फिती. आधी त्या चांगल्या होत्या. पुढं स्वस्त, भडक माल यायला लागला. बोलता बोलता 'सेंट ऑड्री'चं 'टॉड्री' झालं, आणि वरून झगमगणाऱ्या पण फुटक्या कवडीचीही किंमत नसलेल्या कुठल्याही गोष्टीला लोक तेच म्हणू लागले.

ठरल्याप्रमाणे पुढच्या बाकावरची मुलगी उठली. हिमायतनगरहून शिकायला आलेली, आमच्याच समाजाची. मान खाली घालून तिनं चिठ्ठीतलं वाक्य म्हटलं, "मॅडम, आपल्याकडचं एखादं उदाहरण सांगाल का?"

उत्तर तयार होतं. लग्नातले भाड्याचे दागिने. पण ती माझ्याकडं बघेना. पाटी चिकटवताना तिनं पाहिली होती. त्याआधी त्या खोलीत झाडू होते हे तिला ठाऊक होतं. आणि असं उभं राहून खोटं कसं बोलायचं, ते तिला मीच शिकवलं होतं. माझीच मला किळस आली.

मी मागच्या बाकाकडं बघून म्हणाले, "साहेब, जिन्याखाली समान संधी कक्ष आहे. त्याच्या दारावर माझी पाटी आहे. ती परवा लावली. तुम्ही गेलात की काढतील. मी इथं चार वर्षं कागदी कपात चहा प्यायले, बाकीचे कपबशीत. कपबशी मला याच आठवड्यात मिळाली. हे टॉड्री."

एक साहेब फाइल चाळू लागले. दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. तिघांतल्या एकानंही जिन्याखाली जाऊन बघितलं नाही. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "आम्ही तुम्हाला मान दिला. तुम्ही त्याची माती केलीत."

"मान दिला असता, तर तो समिती येण्याआधी दिसला असता," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात वेळापत्रकात माझं नाव नव्हतं.

आता मी नांदेडला विष्णुपुरीजवळ एका शिकवणी वर्गात शिकवते. झालं ते सगळं लिहून, खाली सही करून मी विद्यापीठाच्या कार्यालयात तक्रार दिली. परवा प्राचार्यांचा निरोप आला. तक्रार मागं घ्या, पुढच्या वर्षी तास देतो. आई रडली. "घे की बाई मागं. मोठ्या लोकांशी वैर आपल्याला झेपत न्हाई."

तिची भीती खोटी नाही. उभा जन्म तिनं त्या भीतीत काढला आणि मला शिकवलं. तिच्यावर मला राग धरता येत नाही. पण ती भीती मी पुढं चालवणार नाही.

तक्रार देऊन चार महिने झाले, सुनावणीला बोलावलेलं नाही. सोमवारी मी स्वतः त्या कार्यालयात जाते. ऐकून घेईपर्यंत त्यांच्या दारात बसेन. हाकललं, तर मंगळवारी पुन्हा जाईन.