कर्ण्याच्या जागी शेगडीची तार

देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. मान राखायचा तर तो समोरच्याला दिसलाही पाहिजे, ही तिथली रीत. आम्ही धारचे, एकाच दरबाराची सवय असलेले. मला हे सगळं फार गमतीचं वाटे.

माझे सासरे देवासचे कीर्तनकार. दुखण्यातून उठले, पण आवाज गेला तो गेलाच; उरली ती नुसती कुजबुज. शेवटचं एक कीर्तन करायचं आणि मग झांजा खाली ठेवायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून मी धारहून माझी अॅम्प्लिफायरची पेटी नेली. एक कर्णा देवळात, एक बाहेर रस्त्यावर, दोन्ही एकाच तारेत ओवलेले.

उत्तररंग नुकता रंगात आला होता. तेवढ्यात धाकट्या पातीचा हुजऱ्या आला. “भिया, सामने गमी हो गई है. बाहर का भोंगा निकाल दो.” रस्त्यापलीकडे कुणी वारलं होतं.

माझा मेहुणा लगेच तार उपटायला धावला. मी त्याचं मनगटच धरलं.

“खबरदार! एक कर्णा सुटला की दुसराही मुका होतो. आणि पेटीचा जोर जाणार कुठे? आतला ट्रान्सफॉर्मर जाळून ठेवील तो.”

“मग पेटीच बंद करा ना, भाऊजी.”

“आणि लोकांनी काय, तुझ्या वडिलांचे नुसते ओठ बघायचे?”

माझ्या पिशवीत विजेच्या शेगडीच्या तारेचा एक तुकडा कायम असे. घरी पेटी तपासताना शेजाऱ्यांचे कान किटू नयेत म्हणून, कर्ण्याइतकाच भार घेईल असा तो मी मोजून कापला होता. सासरे घोटभर पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात पेटीचा आवाज पार उतरवला, बाहेरचा कर्णा सोडला आणि त्याच्या जागी ती तार एका कौलावर ठेवून जोडली. आवाज पुन्हा चढवला. तार तापू लागली आणि देवळात सासऱ्यांचा शब्द न् शब्द पुन्हा उमटला. बाहेर कर्ण्याची सुटलेली टोकं लोंबताना पाहून हुजऱ्या हात जोडून गेला. माझ्या हिशेबात चूक होणार नाही हे मला ठाऊक होतंच.

आरती झाल्यावर बायकांच्या शेवटच्या रांगेतून सासूबाई आल्या. मला वाटलं, कौतुक करतील. त्या पेटीजवळ उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

“घरी मला खुणेनं बोलावतात हो,” त्या म्हणाल्या. “आज किती दिवसांनी यांचा आवाज ऐकला.”