कॅम्पची बिलं आणि सावंतकाका

खर्च कमी करायच्या कामात पडलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात, बाथरूमच्या जाळीत केस साचतात तसे. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. पाणी तुंबलं की कळतं, अरे बापरे, एवढे साचलेत! तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. हसू येईलच असं नाही.

दोन हजार आठची मंदी नुकतीच आली होती. मी सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचो. कंपनीचा धंदा कामगारांच्या कॅम्पचा. ट्रकवरून उचलून आणायच्या कंटेनरच्या खोल्या, एकावर एक रचलेल्या, एकेका खोलीत बारा माणसं, बहुतेक शिपयार्डातले वेल्डर नि फिटर. देखभाल बघायचे सावंतकाका. वेंगुर्ल्याचे, पंचवीस वर्षं जहाजावर काढून इथे लागलेले. आमचा बॉस मिस्टर लिम. त्यानं मला बोलावून सरळ सांगितलं, "डिसेंबरपर्यंत बिलं खाली आण. नाहीतर सावंतचा वर्क पास रिन्यू नाही."

पास नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे थेट विमान! काकांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग लागूया कामाला, साहेब."

*

पहिला नंबर पाण्याचा. मी दाबायचे नळ बसवले. एकदा दाबलं की जरासं पाणी, मग आपोआप बंद. डोळ्यात साबण आणि हात नळावर! पहिल्याच महिन्यात बिल घसरलं, मी खूश.

एका रविवारी बायकोला घेऊन जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो, तर तिथल्या टॉयलेटबाहेर आमच्या कॅम्पची ही रांग! बादल्या, टॉवेल, साबण. एका वेल्डरनं मला ओळखलं. मोठ्या आदरानं बाजूला सरकून म्हणाला, "सर, आप भी नहाने आए?"

*

मग पंखे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मेन स्विच बंद. माणसं कामावर, पंखे कुणासाठी? कागदावर एकदम चोख! फक्त कागदावर नाइट शिफ्ट नव्हती. निम्मा कॅम्प दिवसा झोपतो, हे माझ्यासारख्या हुशार माणसाला कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "साहेब, इथे येऊन अर्धा तास बसा."

बसलो. पत्र्याची खोली, माणसं ओल्या टॉवेलखाली पडलेली, झोप कुणालाच नाही. मी दहा मिनिटांत बाहेर. काकांनी घड्याळ बघितलं. "अर्धा तास म्हटलं होतं."

मी लिमकडे जाऊन गयावया केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ओके लाह. दिवसापण चालू. एका खोलीला एक पंखा."

आधी दोन होते.

*

त्याच रात्री सेंगकांगला घरी, एसी लावून जेवताना, हे सगळं बायकोला सांगत होतो. नऊ वर्षांची आमची लेक मधेच म्हणाली, "बाबा, युवर जॉब इज टू ऑफ पीपल्स फॅन, इज इट?"

बायको म्हणाली, "जेवा आता गुपचूप."

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. डासांची फवारणी दर आठवड्याला व्हायची, ती मी महिन्यावर आणली. कल्पना माझी. काका नको नको म्हणत होते. दोन महिन्यांत एकाच खोलीतल्या पाच जणांना डेंग्यू झाला. चार परत आले. पाचवा, आलम नावाचा रंगारी, हॉस्पिटलातच गेला.

लिमनं मला फोन करून विचारलं, "त्याचा कॅम्पातला बेड कधी रिकामा होईल?"

मी म्हटलं, "आजच होईल, सर."

लाज वाटली. अजूनही वाटते. फवारणी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दर आठवड्याला सुरू झाली.

*

खरी बचत काकांनीच केली. रोज दुपारी अख्खा कॅम्प पायी फिरून जमिनीखालच्या गळत्या शोधायच्या, स्वतः खणायचं, स्वतः बुजवायच्या. माझी सगळी अक्कल एकीकडे आणि त्यांचं ते फिरणं एकीकडे. नोव्हेंबरचं बिल बघून लिमनं टेबलावर थाप मारली.

"व्हेरी गुड! आता गळती नाही?"

"एकही नाही, सर!" मी छाती फुगवून म्हटलं. "सावंतनं सगळ्या बंद केल्या."

"गुड. गळती नाही, मग गळतीवाला कशाला?"

मला वाटलं गंमत करतोय. तो पुढचा कागद वाचायला लागला होता. "सर, आपलं असं ठरलं नव्हतं," एवढं मी एकदाच म्हटलं. माझाही पास एप्रिलमध्ये संपत होता.

*

शेवटच्या दिवशी काका बॅग भरून तयार, पण निघेचनात. संध्याकाळची फ्लाइट, गेटवर टॅक्सी उभी.

"जहाज असं सोडत नाहीत, साहेब. रिलीव्हर येतो, त्याला सगळं दाखवायचं, त्याची सही घ्यायची, मग उतरायचं. माझा रिलीव्हर कोण?"

कुणीच नव्हतं. "मी," मी म्हटलं.

त्यांनी मला कॅम्पभर फिरवलं. टाक्या, व्हॉल्व, फ्यूज, एकेक समजावून. मी मान डोलवत होतो, नजर घड्याळावर. शेवटी मागच्या कुंपणापाशी ते गुडघे टेकून बसले. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिमेंटवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. गळती ते अशी ऐकायचे, हे मला त्या दिवशी कळलं! मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी कान लावला.

"येतोय आवाज? पाण्याचा?"

काहीही येत नव्हतं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"येतोय," मी म्हटलं. "बारीक आहे, पण वाहतंय."

काका उठले. गुडघ्यांची माती झटकली.

"इथे खाली पाइपच नाही, साहेब."

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी सहीची वही माझ्यापुढे धरली.