आवाज गेल्यानंतरची दोन वर्षं

“लॅरिंक्सचा कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, घशातली आवाज निघायची जागा. आमचे हे मान हलवत ऐकत होते, जणू दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट चाललाय.

आवाज काही महिने बसला होता. आम्ही आपले हळद-दूध आणि गुळण्या करत राहिलो. तुमच्या घरात कोणाचा बसलेला आवाज पंधरा-वीस दिवसांत सुटला नाही, तर आमच्यासारखं बसू नका. सरळ दाखवून या.

ह्यांचं सगळं आयुष्य आवाजावर चाललं. सैन्यात नव्या जवानांकडून कवायत करून घेतली, निवृत्तीनंतर बी.एड. करून अर्नाळ्याच्या शाळेत भूगोल शिकवला. खाऱ्या वाऱ्यात माइकशिवाय मैदानभर ऐकू जायचे. फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ह्यांनी चहा मागितला की चौथ्या मजल्याला कळायचं.

उपाय एकच होता, टोटल लॅरिंजेक्टमी. स्वरयंत्र पूर्ण काढायचं आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक ठेवायचं. “आवाज वाचवत बसलो तर माणूस हातचा जाईल,” डॉक्टर म्हणाले.

“नको. मुका होऊन जगायचं नाही मला,” हे म्हणाले.

आम्हाला मूलबाळ नाही. बाहेर बाकड्यावर सगळ्यांदेखत मी म्हटलं, “अहो, मग मी कोणाजवळ राहू?” ते बाकड्यावरून उठले. मग आत जाऊन सही करून आले.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणाली, “काय बोलायचं ते बोलून घ्या.” मी जिवाचा कान करून बसले. हे म्हणाले, “घराला कुलूप नीट लावलंस ना?” असा राग आला मला! तेच शेवटचं ऐकलेलं.

घरी आल्यावर त्यांचा जुना विद्यार्थी भेटायला आला, अर्नाळ्याचा मच्छीमार. “सर, पानी देऊ काय?” असा ओरडला की शेजारीण धावत आली. लोकांना वाटतं, आवाज गेला म्हणजे कानही गेले. ह्यांनी ओठ हलवले. मी सांगितलं, “म्हणतायत, कान शाबूत आहेत, मागच्या बाकावर जाऊन बस.” तो हसला आणि तिथेच रडायला लागला.

गळ्याला लावून बोलायचं मशीन मिळतं. ह्यांनी ते एकदा लावून कपाटात टाकलं. म्हणून पहिल्या दिवसापासून ओठ वाचायला मीच शिकत गेले. दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही. ते समोर बसलेले असताना लोक त्यांची चौकशी माझ्याकडे करायचे. तसं करू नका. रुग्णाकडे बघून बोला, उत्तराला वेळ द्या.

हळूहळू घरात मीही आवाज काढेनाशी झाले. आमची भांडणंसुद्धा बिनआवाजाची व्हायची.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. कॅन्सर परतला नव्हता, हृदय थांबलं. डॉक्टरांनी आम्हाला दोन वर्षं मिळवून दिली, ते उपकार मी विसरणार नाही.

परवा भाजीवालीला मेथीचा भाव विचारला. ती नुसती बघत राहिली.

“आजी, मोठ्यानं बोला ना. काय ऐकू नाय येत.”

मी नुसतेच ओठ हलवत होते. ते वाचणारं आता कोणी नाही.